चौथा रकाना

देवळालीहून सकाळी येणाऱ्या गाडीचा कंडक्टर खाली उतरला, नेहमीसारखा माझ्या केबिनच्या खिडकीशी आला, पण हातातलं गाडीच्या नोंदीचं कार्ड पुढं न सरकवता नुसताच उभा राहिला. मी मान वर न करता हात पुढे केला होता. "कंट्रोलर," तो म्हणाला, "आक्का गेल्या. तुम्ही ड्यूटीवर निघालात आन् मागनं अर्ध्या तासात. वहिनींनी गाडी थांबवून सांगितलं." माझ्यापुढचा माईक चालू होता. त्या क्षणी मला काय वाटलं ते मला सांगता यायचं नाही, पण मी काय केलं ते साऱ्या स्टँडनं ऐकलं. मी म्हणालो, "शिर्डीला जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया... कृपया..." आणि पुढं शब्दच फुटेना. शिर्डीचे बिचारे प्रवासी कृपया काय करायचं याची वाट बघत पिशव्या हातात घेऊन उभे राहिले. गाड्या कुठून सुटणार, कुठं लागणार, हे वीस वर्षं लोकांना ठणकावून सांगणारा मी... आणि घरातलं माणूस सुटून गेलं तेव्हा मला फलाट क्रमांकही ठाऊक नव्हता.

या गोष्टीला सात आठवडे झाले. या पुरवणीच्या संपादकांनी मला निरोप पाठवला, की आक्कांवर चार ओले शब्द लिहा. मी तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा शब्द कोरडे निघाले आणि काही ठिकाणी त्यांना काटेही होते. तेव्हा आधीच कबूल करतो, हा लेख मी रागाने लिहितो आहे. माझी थोरली बहीण शशिकला, म्हणजे साऱ्या गावाची आक्का, सरकारी नोकरीत असतानाच गेली. गेली तेव्हा तिच्या सेवापुस्तकात एक ठपका होता आणि तो तिचा नव्हता. ज्यांचा होता ते गृहस्थ ठणठणीत आहेत, सकाळी फिरायला जातात असं ऐकतो. त्यांचं नाव छापता येणार नाही असं संपादकांनी बजावलं आहे, म्हणून इथं नुसतं 'साहेब' म्हणतो. आमच्या जिल्ह्यात साहेब पुष्कळ आहेत, वाचकांचा थोडा घोटाळा होईल. साहेबांचा स्वतःचा होणार नाही.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमच्या वस्तीतून शेतकीची पदवी घेणारी पहिली मुलगी तीच, आणि अकरावीला दोनदा नापास होणारा पहिला मुलगा मी. घराण्याचं नाव दोघांनीही काढलं. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं बेताचं, म्हणून मला माईकपुढं बसवलं गेलं, हेही तिचंच निदान. एसटीत भरती निघाली तेव्हा अर्ज तिनंच भरला होता आणि 'विशेष पात्रता' या ओळीत लिहिलं होतं, 'वस्तीच्या ह्या टोकावरून हाक मारल्यास त्या टोकाला ऐकू जाते.' तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. ती माझ्याच घरात पुढच्या खोलीत राहिली आणि घर कुणाचं आहे याबद्दल माझ्या बायकोच्या मनात कधी शंका नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं एक योजना काढली. शेतातून जो पालापाचोळा, काडी, उसाचं पाचट, कारखान्याची चिपाडं, गोठ्यातलं शेण निघतं, त्यातून इंधन, खत, वीज असं काय काय करता येईल, याचं आधी जिल्ह्याचं, मग राज्याचं आणि शेवटी देशाचं धोरण ठरवायचं. आणि गंमत म्हणजे निधी मिळणार होता तो धोरण ठरवण्यासाठीच. यंत्रं, कारखाने नंतर. मी आक्काला विचारलं, "म्हणजे सरकार नुसता विचार करायला पैसे देतं?" ती म्हणाली, "देतं. म्हणून तर तुला नाही दिले." जिल्ह्याच्या गावी एका कार्यालयात या योजनेचा कक्ष उघडला. एक साहेब, एक टंकलेखक, एक जीप, जीपचा ड्रायव्हर आणि गावोगाव जाऊन माहिती गोळा करायला आक्का. जीप साहेबांची. आक्काला एसटी.

पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा खांद्याच्या पिशवीत एक ताणकाटा होता आणि एक पोतं. आमची आई दारात बसली होती. तिनं ते पोतं बघितलं आणि विचारलं, "कशाला?" आक्का म्हणाली, "काडीकचरा किती निघतो ते बघायचंय." आईनं पोतं हातात घेऊन चाचपलं. मग म्हणाली, "आमच्या पिढ्या गावाचा कचरा उचलण्यात गेल्या. तुझ्या बापानं दीक्षा घेतली, त्या दिवशी ती कचऱ्याची पाटी विहिरीत टाकली. तुला शिकवलं ती पाटी परत वर काढायला व्हय गं?" आक्का उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसली. तिची गाडी चुकणार होती, आणि ते मला, म्हणजे ती गाडी सोडणाऱ्याला, शेजारी उभं राहून दिसत होतं. ती म्हणाली, "आई, उचलायचा नाही. मोजायचाय. आजवर उचलणारे आपण होतो आणि मोजणारे ते. म्हणून तर आपल्याला कधी कळलं नाही, किती उचललं ते." आईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मग नीट मोज. एक काडी कमी धरू नगंस." त्या दिवशी देवळालीची गाडी सात मिनिटं उशिरा सुटली. उशिराचं कारण म्हणून मी नोंदवहीत 'तांत्रिक' असं लिहिलं.

तिची कामाची पद्धत मी एकदाच पाहिली, सुट्टी टाकून तिच्याबरोबर श्रीगोंद्याकडच्या एका गावी गेलो तेव्हा. पहिल्या घरी बागायतदार ओसरीवर बसलेले. सरकारी बाई आल्यात म्हटल्यावर त्यांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "आमच्यात कचरा निघतच न्हाई, बाई. समदं जमिनीत." त्यांना वाटलं कर बसणार. शेजारच्याला कुणीतरी सांगितलं होतं की अनुदान मिळणार, तर त्याच्याकडं एवढी तुराटी निघाली की तेवढी तूर सबंध तालुक्यात पिकत नसेल. आक्कानं दोघांचंही ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि मग वळसा घालून मागच्या दाराला गेली. तिथं बायका होत्या. एक चंद्राबाई म्हणून, उभ्या अंगाची, मोलमजुरी करणारी, धुणं आपटत होती. आक्का दगडावर बसली आणि विचारलं, "चूल कशावर पेटते, बाई?"

चंद्राबाई हसली. "सरकार आता चुलीत बी डोकावनार व्हय?"

"डोकावू दे की. तुराट्या कुठं जातात?"

"कुठं म्हंजी? माझ्या चुलीत. आमी खुरपायला जातो, काढनीला जातो, मळनीला हातभार लावतो. त्याच्या बदल्यात तुराट्या आमच्या. मालक कधी न्हाई म्हनला न्हाई, त्याच्या बापानं बी कधी न्हाई म्हनलं न्हाई. दानं त्याचं, काडी आमची." मग आवाज खाली करून, "ह्ये त्यो पुढच्या दाराला सांगनार न्हाई तुमाला. त्याला वाटतंय ते फुकाटचं हाय."

आक्काच्या तक्त्यात तोवर तीनच रकाने होते. पीक कोणतं, काडी किती निघते, उरते किती. त्या दगडावर बसून तिनं पट्टीनं रेघ मारली आणि मध्ये आणखी एक, चौथा, रकाना घातला, 'आधीच कामाला लागलेलं'. चुलीत गेलेलं, गाईखाली अंथरलेलं, ऊसतोडवाल्यांच्या कोपीवर शाकारलेलं, ते सारं त्यात. तिचं म्हणणं सरळ होतं. हे आधी वजा करा आणि मग जे उरेल त्यावर खुशाल धोरण बांधा. परतीच्या गाडीत मी तिला म्हणालो, "तुझ्या या रकान्यानं उरलेलं फारच थोडं दिसतंय." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "थोडंच आहे, बाळ्या. गरिबाच्या गावात वाया काही जात नसतं."

रविवारी ती पुढच्या खोलीत बसून पक्क्या प्रती काढायची. मध्ये दोन कार्बन, एका दमात तीन कागद. एक कार्यालयाला, एक साहेबांच्या फायलीला आणि तिसरी... तिसरी ती परत त्या गावात नेऊन द्यायची, पुढच्या दाराला नव्हे, मागच्या. मी विचारलं, सरकारचा कागद असा वाटायची परवानगी आहे का? म्हणाली, "नाही असं कुठं लिहिलंय? ज्याचं मोजलं त्याच्या घरात एक प्रत पाहिजे." तिन्ही प्रतींवर खाली साहेबांची सही असायची, 'समक्ष पाहणी केली, माहिती बरोबर आहे'. साहेब त्या गावांना कधीच गेले नाहीत. पण समक्ष पाहणी लिहिल्याशिवाय दौऱ्याचा भत्ता निघत नाही, म्हणून ते भराभर सह्या ठोकत. खुर्चीतून न उठता त्यांनी अर्धा जिल्हा समक्ष पाहिला. एसटीनं असे फिरले असते तर मी त्यांच्यासाठी थांबाच ठेवला नसता.

मग अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर उसाचं शेत आणि त्यामागे सूर्य. आक्कानं तो उघडला, पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. चौथा रकाना नव्हता. जेवढी काडी निघते तेवढी सगळी 'वाया जाणारी, उपलब्ध' अशी मांडलेली. लेखक म्हणून साहेबांचं नाव. शेवटच्या पानावर आभार होते, वरिष्ठांचे, छापखान्याचे, टंकलेखकाचे आणि जीपच्या ड्रायव्हरचे. आक्काचं नाव कुठंच नव्हतं. ड्रायव्हर भला माणूस होता, त्याला इतकी लाज वाटली की तो पेढे घेऊन आमच्या घरी आला आणि आक्काच्या पाया पडून गेला.

ती साहेबांना विचारायला गेली. ते काय म्हणाले ते तिनं मला शब्दन् शब्द सांगितलं, आणि मी तेव्हापासून तो शब्दन् शब्द दाढेखाली धरून आहे. "बाई," ते म्हणाले, "तुमचा तो चौथा रकाना फार घरगुती होता. धोरणात चुली येत नाहीत. आकडा मोठा दिसला की निधी मोठा येतो, हे तुम्हाला नाही कळायचं." मुंबईला त्यांचं कौतुक झालं, शाल मिळाली. राज्याच्या मसुद्यात आमच्या जिल्ह्याचं पान आदर्श म्हणून लागलं.

निधीही आला. त्यातून आधार मिळाला म्हणून श्रीगोंद्याकडं एक कारखाना उभा राहिला, तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि पाचट दाबून जळणाच्या कांड्या करणारा. तो बांधावर येऊन काडीला भाव देऊ लागला. मग काय होणार? मालकांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की काडीलाही किंमत असते. 'दानं त्याचं, काडी आमची' हा पिढ्यांचा करार एका सुगीत मोडला. चंद्राबाई आणि तिच्यासारख्या बायका मैल मैल बाभळीचे काटे तोडायला जाऊ लागल्या. आणि कारखाना तरी कुठं चालला? अहवालात होती तेवढी काडी जमिनीवर नव्हतीच. दुसऱ्या वर्षी तो बंद पडला. यंत्रं गंजली, बायकांची काडी मात्र परत आली नाही, कारण एकदा भाव कळलेली वस्तू कुणी फुकट सोडत नाही.

वरून विचारणा झाली, आकडे चुकले कसे? आणि आता, वाचकहो, आक्काचं नाव आलं. साहेबांनी लेखी कळवलं की माहिती गोळा करणाऱ्या महिला कर्मचाऱ्याने वापरातल्या काडीची नोंदच घेतली नव्हती. ज्या रकान्यासाठी ती भांडली, तो नसल्याचा ठपका तिच्यावर. शाल त्यांच्या खांद्यावर आणि डाग हिच्या पदरावर. कार्यालयातल्या दोन्ही प्रती 'सापडत नाहीत' असं ठरलं. बढती थांबली. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं तिच्यावर आली आणि तिला 'मॅडम, जरा टिपण द्या' म्हणू लागली.

मी म्हणालो, "तिसरी प्रत आहे ना? गावागावात आहे. मी जातो, मागून आणतो." त्या दिवशी ती माझ्यावर जेवढी भडकली तेवढी अकरावीच्या निकालालाही भडकली नव्हती. "दिलेली प्रत परत मागायची नाही! त्यांनी मला घरातलं सांगितलं, आणि माझ्या कामावरून त्यांच्या चुली विझल्या. आता त्यांच्याच दाराला जाऊन म्हणू, माझी नोकरी वाचवा?" मी म्हणालो, त्यात तुझा काय दोष? म्हणाली, "ते त्यांना कुठं माहीत आहे?" ... हे मात्र तिला कायमचं लागून राहिलं होतं. ठपक्यापेक्षा ते जास्त. श्रीगोंद्याकडं ती पुन्हा गेलीच नाही.

मला आक्का पेटलेली बघवत नव्हती आणि विझलेलीही बघवत नव्हती, म्हणून मी माझ्या परीनं सूड घेतला. एकदा साहेबांची जीप बंद पडली आणि ते आमच्या स्टँडवर आले. मला ओळखत नव्हते. मुंबईचे कुणी बडे पाहुणे शिर्डीला थांबले होते आणि साहेबांना घाई होती. "शिर्डीची गाडी कुठली?" मी अदबीनं उठलो, स्वतः बॅग उचलली आणि त्यांना श्रीगोंद्याच्या गाडीत बसवलं. "बोर्ड बदलायचा राहिलाय, साहेब. बसा, खिडकी आहे." कंडक्टरला डोळा घातला, त्यानं तिकिटं मागल्या बाकापासून फाडायला घेतली. साहेबांना कळलं तेव्हा गाडी उलट्या दिशेला बरीच पुढं गेली होती. मी उडत घरी गेलो आणि आक्काला रंगवून सांगितलं. ती हसली, डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "बाळ्या, माझा सूड तू एवढ्या स्वस्तात उरकलास? एका तिकिटात?" मी वरमलो. ती म्हणाली, "मला त्यांची फजिती नको. त्यांनीच लिहिलेलं पाहिजे, त्यांच्या हातचं." तसा कागद तिला मिळाला नाही. हृदयाचं दुखणं निघालं, औषधं सुरू झाली आणि त्या सकाळी मी ड्यूटीवर गेल्यावर अर्ध्या तासात...

आक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. वंदना झाली, माणसं फुलं वाहून बसत होती. इतक्यात फाटकाशी एक बाई दिसली, अंगानं खंगलेली, पण उभी तशीच ताठ. कुणा कंडक्टरकडून कळलं म्हणून दोन गाड्या बदलून चंद्राबाई आली होती. मला वाटलं बोलणार, शिव्या देणार, आणि खरं सांगतो, मी त्या ऐकून घ्यायला तयार होतो. तिनं फोटोपुढं हात जोडले आणि ओच्यातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. "बाईंचा हाय. आमी पेटीत जपून ठिवला हुता. आता मानूस गेलं, त्याचं त्याच्या घरी आसावं."

मी तो उलगडला. निळ्या कार्बनची अक्षरं, चार उभ्या रेघा, चौथा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला, आणि खाली साहेबांची झोकदार सही. समक्ष पाहणी केली, माहिती बरोबर आहे. मी चंद्राबाईला सगळं सांगितलं, रकाना कुणी गाळला, ठपका कुणावर आला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग बाई आल्या का न्हाईत सांगाया? आमी काय त्यांना बोल लावला हुता? आमाला म्हाईत हुतं की, कागदावर आमचं लिवल्यालं हुतं त्ये. शाळंतल्या पोरीकडनं वाचून घेतल्यालं." मी विचारलं, बाकीच्या गावांतले कागद मागू का? आक्का नको म्हणायची. चंद्राबाई म्हणाली, "मागू नगा. नुसतं सांगा, बाई गेल्या म्हनून."

तेवढंच केलं. माझे कंडक्टर जिल्हाभर फिरतात, त्यांनी थांब्याथांब्यावर उतरून तेवढंच सांगितलं. आठवड्यानं कार्डासोबत खिडकीतून कागद येऊ लागले. कुणी वर्तमानपत्रात, कुणी जुन्या लुगड्याच्या चिंधीत. एकावर हळदीचा हात उमटलेला. एक उंदरांनी चहूबाजूंनी कुरतडलेला, पण सही शाबूत, ती उंदरांनाही पचली नसावी. मी सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि ठपका रद्द करावा म्हणून अर्जाला जोडल्या. नंतर मूळ कागद ज्या गाडीनं आले त्या गाडीनं ज्याच्या त्याच्या घरी परत पाठवले. वर एक प्रत मुंबईला, आणि एक दिल्लीला, जिथं आता देशाच्या धोरणाची बैठक भरायची आहे आणि साहेब त्यात सल्लागार म्हणून बसायचे आहेत. पाकिटांवर पत्ते लिहिताना मी शीळ वाजवत होतो, असं बायको सांगते.

गेल्या आठवड्यात साहेब घरी आले. एकटे, रिक्षानं. "बाळासाहेब," त्यांनी सुरुवात केली. जन्मात मला कुणी बाळासाहेब म्हटलेलं नाही, त्यामुळं माझ्या हातात काय आहे ते मला तिथंच कळलं. मी त्यांना आक्काच्या खोलीत, तिच्या टेबलापाशी बसवलं. म्हणाले, "ताई गुणी होत्या. पण तुम्हीच सांगा, तो रकाना ठेवला असता तर आकडा एवढासा दिसला असता. निधी शेजारच्या जिल्ह्याला गेला असता. मी जिल्ह्याचं बघितलं."

"जिल्ह्यात चंद्राबाई येत नाही का?"

"कोण चंद्राबाई?"

"तुम्ही समक्ष पाहिलंय तिला. सही आहे तुमची."

त्यांनी खिशातून रुमाल काढला. मग म्हणाले, नव्या मसुद्यात आभाराच्या पानावर ताईंचं नाव घालतो, आधी कैलासवासी लावून. मी विचारलं, "ड्रायव्हरच्या वर का खाली?" त्यांना घाम आला होता. निवृत्तीला थोडे महिने राहिलेत, पेन्शन अडकेल, मुलीचं लग्न आहे, हे सगळं ते बोलले. मी ऐकलं. मुलीचं ऐकून आत कुठंतरी हललंही, मीही बापच आहे. पण मग त्याच खुर्चीत बसून जाबजबाबाची उत्तरं लिहिणारी आक्का दिसली, आणि हललेलं परत जागेवर बसलं. मी एक कोरा कागद त्यांच्यापुढं ठेवला. "लिहा. मी चौथा रकाना गाळला. एवढंच."

"तुम्ही सूड घेताय," साहेब म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. वीस वर्षं माईकवरून शुद्ध बोलणारा मी, त्या दिवशी मला 'होय' पुरेना.

त्यांनी खिशातून पेन काढलं. भीतीनं असेल, पण काढलं. कागदावर टेकवलं, 'मी' असं लिहिलं आणि पुढच्या अक्षराला पेनचं टोक कशात तरी रुतलं, कागद टर्रकन फाटला. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "टेबल खराब आहे तुमचं," म्हणाले, "टाइप करून पाठवतो." आणि उठले. अजून पाठवलेलं नाही, पाठवणारही नाहीत. अर्जाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. दिल्लीची बैठक पुढच्या महिन्यात आहे आणि माझं पाकीट त्यांच्या आधी पोचलं आहे, पोचपावती आली. रागानं माणूस आतून जळतो असं जाणते सांगतात. मला तर हल्ली फार गाढ झोप लागते.

ते गेल्यावर मी टेबलावर हात फिरवला. सागाचं नाही, साधं देवदाराचं मऊ लाकूड. तिसऱ्या प्रतीवर अक्षर उमटावं म्हणून आक्का पेन दाबून लिहायची, आणि तसं वर्षानुवर्षं लिहून फळीला सगळीकडं खाचा पडल्या आहेत. अक्षरांवर अक्षरं चढलीत, त्यातलं एकही आता लागत नाही. रेघा मात्र लागतात, कारण त्या ती पट्टी धरून दर वेळी त्याच जागी ओढायची. डोळे मिटून बोट फिरवलं तरी मोजता येतात.

माझी धाकटी मुलगी आता त्या टेबलाशी अभ्यासाला बसते. परवा वही घेऊन माझ्याकडं आली, "पप्पा, पेन मधेच आत्याच्या रेघेत जातं. गणितं वाकडी येतात." बायको आतून म्हणाली, "सुताराला बोलवा की, रंधा मारून घेऊ." बायकोच्या कुठल्याही सूचनेला मी आजवर नकार दिलेला नाही, माझी तेवढी पात्रताही नाही. त्या दिवशी दिला. मुलीला म्हटलं, "पेन जातंय तिकडं जाऊ दे. वजाबाकी त्याच रेघेला धरून मांड."

तिनं मांडली. बरोबर आली.